कठड्यातला पूर्वज

आक-बुलाकच्या गरम पाण्याच्या कुंडाभोवती त्या शुक्रवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. इस्सिक-कुल सरोवराच्या काठावरच्या गावांतून माणसे आली होती. कुणी बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळून आणले होते, कुणी मेंढा. पाण्यात उतरलेला माणूस पोलादी कठड्याला हात लावी, त्याची बोटे आखडत, घशातून हुंकार निघे, आणि काठावरची गर्दी दुआ म्हणून एकदम तळहात चेहऱ्यावरून फिरवी. पूर्वजाने त्याला धरले होते.

हा पूर्वज कठड्यात राहतो, असा शोध गावातल्या वडीलधाऱ्या सागिनबाय अक्सकालने लावला होता. पंप चालू असला की तो जागा होई, बंद केला की झोपे. यंत्राच्या घरघरीने त्याला आपले घोडे आठवतात, असे अक्सकाल गंभीरपणे सांगे आणि कुणी हसत नसे. ज्याच्या हाताला झिणझिण्या येत त्याचा रोग निघाला. ज्याला येत नसत त्याची श्रद्धा अपुरी. चुकूच शकत नाही अशी उपचारपद्धती मी दुसरी पाहिलेली नाही.

वसंतात माझा मेहुणा तेमिरकुल गुडघेदुखीसाठी याच कुंडात उतरला आणि कठडा धरलेल्या अवस्थेतच मेला. पूर्वजाने त्याला स्वतःजवळ बोलावून घेतले, असा निर्वाळा अक्सकालने दिला. माझी थोरली बहीण उल्कान त्या निर्वाळ्यावर जगत होती. आता ज्वरानंतर पायांतले बळ गेलेल्या आपल्या मुलीला, बेगिमायला, घोंगडीत गुंडाळून ती त्याच काठावर बसली होती. मी राजधानीत, बिश्केकला, विद्युतयंत्रे शिकवतो. पोरीला कुंडात उतरवणार असल्याची बातमी कळताच निघालो होतो.

"एजे, तिला पाण्यात उतरवू नकोस," मी बहिणीला म्हणालो.

"तुझ्या पुस्तकांनी चालली का ती?"

"नाही."

"मग सरक बाजूला."

अक्सकालने हात वर केला. "असू दे, असू दे. शहरात राहून राहून रक्त पातळ झालंय बिचाऱ्याचं. पूर्वज आधी पोरीला धरेल, मग मामालाही धरेल."

लोक हसले. मी त्याच्या पायांकडे पाहत होतो. मऊ बुटांवर त्याने रबरी कालोश, म्हणजे चिखलापाण्यातले वरचे जोडे, चढवलेले होते. आमच्याकडे कालोश उंबऱ्याबाहेर राहतात. पवित्र जागी तर कुणी ते घालून पाऊलही टाकत नाही. हा मात्र स्वतः नेमलेल्या पूर्वजासमोर ते कधीच काढत नसे, आणि कठड्यालाही त्याचा हात कधी लागत नसे.

मी कुंडामागच्या खोलीत गेलो आणि पंप बंद केला. बाहेर कुरकुर सुरू झाली. पंपाची मोटर, नियंत्रणपेटी आणि कठडा यांना एकत्र जोडणारी तांब्याची उघडी तार भिंतीवरून बाहेर येऊन जमिनीत ठोकलेल्या सळईपर्यंत जात होती. जायला हवी होती, असे म्हणणे अधिक बरोबर. त्या खडकाळ उतारावर एकही झाड नाही. नवसाचा कपडा बांधायला फांदी नाही, म्हणून लोकांनी तो तारेला बांधला होता. पावसाने भिजलेल्या, बर्फाने जड झालेल्या चिंध्यांच्या भाराने तारेचे टोक सळईच्या पकडीतून निसटून हवेत लोंबत होते. त्यानंतर तारेला हात लावला तरी झिणझिण्या येऊ लागल्या, आणि म्हणून तिच्यावर आणखी चिंध्या चढल्या. पेटीतला सुरक्षा-स्विच शाबूत होता. फक्त त्याला वगळून तारेचा एक तुकडा परस्पर जोडलेला होता.

मी सर्वांना पाण्याबाहेर काढले. एका छोट्या दिव्याची एक तार कठड्याला बांधली, दुसरी पाण्यात सोडली. पंप चालू केला, दिवा लागला. बंद केला, विझला. पुन्हा चालू, पुन्हा उजेड.

"दिव्यालाही धरलं," मागून कुणीतरी भक्तिभावाने म्हणाले.

"दिव्याचे गुडघे दुखत नव्हते," मी म्हणालो आणि पंप पुन्हा बंद केला. मग समजावले. मोटरच्या आतले आवरण जुने होऊन वीज कवचात झिरपते. ती या तारेने निमूट जमिनीत जायची. तार सुटली, की ती वाट शोधते, आणि ओला माणूस ही वाट असते. बाहेर गेलेली वीज पूर्ण परत आली नाही, तर सुरक्षा-स्विच क्षणात ती तोडतो. इथेही तो तोडत होता.

"सारखा श्वास कोंडत होता पूर्वजाचा," अक्सकाल म्हणाला. "म्हणून बाजूला करवला तो."

"आणि हे रबरी कालोश? रबरातून वीज जात नाही."

"पाय गार पडतात माझे."

कुंडातून वाफ निघत होती. या वेळी हसू वेगळे होते, पण थोड्याच लोकांचे.

उल्कान उठून माझ्याजवळ आली. "तेमिरकुलला कुणी बोलावलं नव्हतं?"

"नाही, एजे."

"त्या तारेवर माझा रुमाल आहे. त्याच्या गुडघ्यांसाठी बांधलेला."

"तिथं खूप चिंध्या आहेत. एकट्या रुमालानं तार सुटत नाही."

तिने मान हलवली. मी काय नाकारले नाही, हे तिला समजले होते. तिने जाऊन आपला विटका निळा रुमाल सोडला आणि गर्दीकडे पाहत उभी राहिली. दुसरे कुणी आपला कपडा सोडायला पुढे झाले नाही.

मी तार पुन्हा सळईला घट्ट बसवली, मोटर बदलायला लावली, स्विचवरचा तुकडा काढला. कुंडात आता केवळ गरम पाणी आहे. पूर्वजाला मी हाकलले, असे आक-बुलाकमध्ये बोलतात. अक्सकालने पलीकडच्या खोऱ्यात दुसरे कुंड शोधले आहे. बेगिमायचे पाय तसेच आहेत. विज्ञानाने चमत्कार केला, असे मी सांगणार नाही. ती जिवंत आहे.

शरद ऋतूत मी परत गेलो, तेव्हा तारेवर नव्या चिंध्या होत्या. एकेक सोडवताना जे त्या लोकांना सांगितले, तेच इथे लिहितो. पाण्याजवळच्या धातूने हाताला झिणझिण्या आल्या, तर हात जोडू नका. माणसे बाहेर काढा, वीज तोडा आणि तार तपासा. नवसाचा कपडा बांधायचाच असेल, तर आधी एक झाड लावा.