माझ्या पानाची मागची बाजू

मित्रांनो, नागावच्या वाचनालयातले मी एक जुने पुस्तक आहे, आणि आज मी रागावले आहे.

कोर्लईच्या एका शिक्षकांनी मला लिहिले. सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांनी इतरांच्या जुन्या ग्रंथांतून काही घेतले का, हा माझा विषय. त्यासाठी ते अकरा वर्षे वाचत होते. एके काळी मला नेण्यासाठी मुले नंबर लावत. पुढे कपाटाची चावी हरवली, यंदा कुलूप तोडेपर्यंत मी वर्षानुवर्षे आत पडून राहिले, तरी कुरकुरले नाही.

पण गेल्या महिन्यात धनेश नावाच्या शाळकरी मुलाने वक्तृत्व स्पर्धेसाठी माझे एक पान टरकन फाडले. स्पर्धा वाचनालयातच होती. पान हलवत तो गरजला, "ग्रीक कवीची ओळ या ख्रिस्ती लेखकांनी घेतली! मरून पुन्हा जन्मणाऱ्या पक्ष्याची गोष्टही परक्यांची! सगळी चोरी!"

टाळ्या पडल्या. त्याच्या वर्गातली मार्था ख्रिस्ती. मागून कुणीतरी तिला म्हणाले, "काय गं, तुमचा देव पण उसना का?" तिने मान खाली घातली. माझा संताप संताप झाला!

मग मार्था उठली. "धनेश, पान उलट. मी वाचलंय ते."

"माझी वेळ संपली," तो म्हणाला.

त्याची आत्या केसरबाई पुढेच बसली होती. ती धवलारीण, लग्नात धवले ही परंपरेची गाणी गाणारी. ती कडाडली, "वेळ बरी संपली रं तुझी! माझं धवलं सासूचं हायत. नव्या नवरीचं नाव घालून मी गाते. मंग मी चोर व्हय? उलट ते पान!"

धनेशने उलटून वाचले, "काहींनी ओळ कवीची आहे हे उघड सांगितले, काहींनी सांगितले नाही. काही ठिकाणी कुणी कुणाचे घेतले, हे अभ्यासकांना अजून ठरवता आलेले नाही. मात्र घेतलेल्यातून त्यांनी आपले नवे म्हणणे मांडले." शेवटची ओळ त्याने हळू आवाजात वाचली.

"घेतलं नाही असं मीही म्हणत नाही," मार्था म्हणाली. "पण सगळं वाच ना!"

ग्रंथपाल किशोरीताईंनी पान चिकटवले. चिकटपट्टीखाली मागच्या बाजूची काही अक्षरे कायमची झाकली गेली.

मित्रांनो, मला फाडू नका. अर्धे वाचून माझ्या नावाने कुणाला चोर ठरवू नका. वाळवीही मला खाते, पण तिला वाचता येत नाही. तुम्हांला येते.