काटा म्हणेल ते

आमच्या जावयाला गोड बोलायची भारी हौस. "आत्या, दमलात का?" "बाबा, बसा हो, मी बघतो." साखरेत घोळून बोलायचा मेला. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि मी ते कधी लपवलंही नाही. पण दादाला लेकीपुढे काही दिसायचं नाही. लग्न झालं तसा त्याने जावयाला वर्कशॉपमध्ये आणून बसवला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. डिझेल इंजिनं खोलून परत उभी करण्यात हयात गेली त्याची. मी पुढच्या काउंटरवर फिल्टर, गॅस्केट, पट्टे विकते. मागच्या शेडमध्ये दादाचं राज्य. इंजिन लोखंडी स्टँडवर बांधायचं, चालू करायचं आणि दादाने डोळे मिटून ऐकायचं. "साडेसातशे. थोडी रेस वाढव." "अठराशे झाले, बास." मीटर नाही, काही नाही. दादाचे कान म्हणतील तो आकडा, त्यावर कोणी ब्र काढायचा नाही.

एक दिवस जावयाने बाजारातून टॅकोमीटर आणला. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा, बशीएवढा, काळा, पांढऱ्या काट्याचा. त्याची वायर अल्टरनेटरला जोडायची. पाठीमागे रबरी बुचाखाली एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून काटा खऱ्या आकड्यावर आणायचा. खरा आकडा कळावा म्हणून त्याने एक गनही आणली होती. पुलीवर चमकती पट्टी चिकटवून तिच्यावर लाल उजेड मारला, की ती गन फेरे मोजून सांगते. सकाळभर राबून त्याने मीटर अगदी चोख लावला, ते मी नाकारत नाही. मग सगळ्या कामगारांना गोळा केलं.

दादाने डोळे मिटले. "अठराशे."

काटा अठराशेवर. जावयाने रेस कमी केली.

"बाराशेला जरा कमी."

काटा बाराशेला जरा कमी.

"मग जावईबापू," दादा म्हणाला, "हे डबडं आणलंत कशाला? भिंतीवर टांगा, घड्याळ म्हणून."

शेड हसून लोळली. मी तर अशी हसले की रस्त्यावरची माणसं थबकली असतील. जावईही हसला, पण कानशिलं लाल झाली होती त्याची. चारचौघांत झालेला पाणउतारा तो विसरणाऱ्यातला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात जनरेटरचं एक इंजिन स्टँडवर होतं. दादा म्हणाला, "अठराशे." काटा पंधराशेवर.

"परत ऐका बाबा," जावई म्हणाला.

"अठराशेच."

"असू दे हो. वयानं होतं असं." आणि खांद्यावर हात ठेवला त्याने. या वेळी कोणी हसलं नाही. हसले असते तर दादाने शिव्या तरी घातल्या असत्या.

मग रोजचंच झालं ते. इंजिन चालू झालं की सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं, "बाबा, किती?" दादा सांगेपर्यंत थांबायचं आणि मग नुसतं बोटाने काट्याकडे दाखवायचं. दादा आधी भांडला. मग पुटपुटायला लागला. मग गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. दादाने त्यातलं 'वयाच्या मानाने' तेवढंच घरी आणलं. शेवटी जावयाने फर्मान काढलं, "आजपासून शेडमध्ये काटा म्हणेल ते. बाबा, तुम्हीसुद्धा. कान काहीही म्हणोत, हात काटा बघूनच हलवायचा." दादाने मान डोलावली आणि कोपऱ्यात ट्रे घेऊन नटबोल्ट धुवायला बसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जावई जेवायला गेला तेव्हा मी त्याच्या खणातून गन काढली. मी काही मेकॅनिक नाही, पण बॅटरी मारता येते तेवढी गन मारता येते. चालू इंजिनाच्या पुलीवर धरली. गन म्हणाली अठराशे. काटा पंधराशे.

जावई हात पुसत आला आणि मला तसं बघून बिलकूल ओशाळला नाही. "गंमत हो आत्या. त्या दिवशी तुम्ही नाही का हसलात?"

"आत्ताच्या आत्ता स्क्रू फिरवा. आणि त्याच्यापुढे कबूल करा."

मी वाट बघितली नाही. दादाला हाताला धरून आणलं, गन दाखवली, काटा दाखवला, सगळं सांगितलं. त्याने दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं.

"एक यंत्र एक सांगतं, दुसरं दुसरं," तो म्हणाला. "त्यातलं खोटं कुठलं ते मी कशावरून ठरवू? आधी कानावरून ठरवायचो." मग माझ्या पाठीवर थोपटलं. "तू बहीण आहेस. माझं मन राखायला बोलतेस."

जावई तिथेच उभा होता. गन पुसून खणात ठेवली नालायकाने. दादा गेल्यावर मला म्हणाला, "आता एकदम फिरवला तर ते जास्तच गोंधळतील. मी रोज जरासा फिरवत आणतो. त्यांचं त्यांनाच वाटेल कान सुधारले." पटलं मला ते. एवढी तोंडाची फटकळ मी, पण त्याच्या गोड बोलण्याला मीही भुलले.

केसभरही फिरवला नव्हता त्याने.

त्यानंतर लाँचचं मोठं इंजिन आलं. डिझेलचा पंप नुकताच दुरुस्त केलेला. जावई इंजिनाच्या कुशीला वाकून गळती बघत होता आणि बंद करायच्या लिव्हरवर दादाला उभं केलं होतं. बावीसशेच्या वर गेलं की ओढायचं. काटा खोटा आहे हे जावयाला पक्कं ठाऊक होतं आणि म्हाताऱ्याचे कान शाबूत आहेत हेही. म्हणूनच तर डोकं आत घालून निर्धास्त वाकला होता. मनातून त्याचा भरवसा त्याच कानांवर होता.

पंप अडकला. रेस आपोआप चढायला लागली. मी काउंटरवर होते. गल्ल्यावरचे बोल्ट नाचायला लागले तशी धावत मागे गेले. जावई मान वर काढून ओरडत होता, पण त्या गर्जनेत कोणाचं काय ऐकू येणार? मी लिव्हरकडे हात करून किंचाळले, "दादा, ओढ!" दादाच्या कपाळावर घाम होता. त्याचा एक हात लिव्हरवर होता. आणि दुसऱ्या हाताने तो मला काटा दाखवत होता. एकवीसशे.

मी पोचायच्या आत आतला कनेक्टिंग रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. जावयाचा डावा हात डॉक्टरांना कोपरापासून काढावा लागला. मला वाईट वाटलं का? भाचीसाठी वाटलं.

वॉर्डात चार दिवसांनी त्याने डोळे धड उघडले. पायाशी दादा बसलेला. आता त्याच्या आवाजात साखर नव्हती. "बाबा, तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"आलं ना. सव्वीसशेच्या आसपास वाटलं मला. पण तुम्ही म्हणाला होतात, कानाचं ऐकू नका."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी तिथेच दादाला मिठी मारली असती. तो अगदी मनापासून, आपलं काय चुकलं ते सापडेना अशा चेहऱ्याने सांगत होता.

जावई ढसाढसा रडायला लागला. "बाबा, तुमचे कान चांगले आहेत हो. सव्वीसशेच होते. मी स्क्रू फिरवला होता. मी मुद्दाम केलं." भाची भिंतीला टेकली. मी दादाकडे बघत राहिले; म्हटलं, आता तरी.

दादाने त्याच्या उरलेल्या हातावर हात ठेवला. "एवढ्या दुखण्यातही माझं मन राखताय," तो म्हणाला. "गुणाचे आहात."

मग त्याने हळूच वर पाहिलं आणि माझ्याकडे झुकला. "त्या पंख्याचं बेअरिंग खरखरतंय ना गं? की मलाच वाटतंय?"

"खरखरतंय दादा. चांगलंच खरखरतंय."

त्याने भिंतीवरच्या रेग्युलेटरकडे पाहिलं.

"दोनावर आहे," तो म्हणाला. "म्हणजे ठीकच असेल."