दोर कापणारी सुरी

माझा नवरा तोकुजी नोव्हेंबरात समुद्रात गेला. एकाच दोराला बांधलेले ऑक्टोपसचे पिंजरे सोडताना धावत्या दोराचा वेढा त्याच्या पायात अडकला आणि दोराने त्याला खाली नेलं. तिसऱ्या दिवशी तो सापडला तेव्हा त्याच्या उजव्या मुठीत सुरीची नुसती मूठ होती. पातं नव्हतं.

ती सुरी मी घेतली होती. बंदरावरच्या ओबाच्या दुकानातून, दोन वाडगे रामेन नूडल्सच्या पैशात. "चांगली आहे ना?" एवढंच मी विचारलं होतं आणि ओबा "सगळे हीच नेतात" म्हणाला होता.

मार्च आला. या मोसमात बोट निघाली नाही तर आमचा मासेमारीचा हक्क दुसऱ्याला जाणार होता. घरात उरलो होतो मी आणि सासरे. त्यांचं नाव ईवाओ, मी बाबा म्हणते; एकाहत्तर वर्षांचे. पिंजरे ते सोडणार, सुकाणू मी धरणार असं ठरलं.

"पण आधी सुरी बघणार," मी म्हणाले.

महागडी सुरी घेण्याची ऐपत नव्हतीच. ओबाकडून मी तीन तऱ्हेच्या स्वस्त सुऱ्या आणल्या, प्रत्येकी दोन. दोन आठवडे त्या रात्री खाऱ्या पाण्याच्या बादलीत आणि दिवसा छपरावर, वाऱ्यात ठेवल्या. मग शेडच्या तुळईला अंगठ्याएवढा ओला दोर टांगला, त्याला दगड बांधले, रबरी हातमोजे घातले, मुठींना माशाचं तेल फासलं आणि कापायला लागले. उजव्या हाताने, मग डाव्या हाताने. एका सुरीला पन्नास वेळा, मध्ये धार न लावता.

बाबा दारात उभे राहून बघायचे. "सूनबाई, दहावीच्या परीक्षेला बसवलंयस का त्यांना?"

"नापास सुरी घेऊन गेलात तर तुम्हीच बुडाल, बाबा."

"मी बुडून काय होणार? ऑक्टोपसांनाही चावायचा नाही मी."

पहिली सुरी अकराव्या दोरालाच घसरायला लागली. दुसरी देखणी होती, निळसर पात्याची. पन्नासावा दोरही तिने लोण्यासारखा कापला. माझे हात भरून आले होते, पण मला आनंद झाला. आता शेवटची परीक्षा म्हणून मी तिचं टोक लाकडाच्या ओंडक्यात ठोकलं आणि मूठ धरून बाजूला जोर दिला.

टक्.

मूठ माझ्या हातात आली. पातं ओंडक्यात राहिलं. मुठीच्या आत जाणारं पोलाद जेमतेम बोटाच्या पेराएवढं होतं आणि तेही गंजलेलं. मला तोकुजीची मूठ दिसली, निळी पडलेली, उघडत नसलेली. मी खालीच बसले. "मीच मारलं त्याला," मी म्हणत होते. "दोन वाडग्यांच्या पैशात मारलं."

बाबा माझ्याजवळ आले नाहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"असाच आवाज आला होता," ते म्हणाले.

"कधी?"

"तो गेला त्याच्या आदल्या दिवशी. पिंजऱ्याचं झाकण गोठलं होतं. तोकुजीची सुरी तिथेच पडली होती, ती घालून मी उचकटलं. टक् झालं. पातं जागेवरच होतं गं. म्हटलं, जेवताना सांगू. मग पत्ते खेळलो आम्ही."

"आणि सांगितलं नाहीत."

"नाही."

चार महिने हा माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता. ओबाच्या नावाने मी रडले, स्वतःच्या नावाने रडले, आणि हा शेजारी बसून मला रुमाल देत होता. मी तिसरी सुरी उचलली आणि ठोकली ओंडक्यात. काळी, ओबडधोबड, पांढऱ्या लाकडाच्या मुठीची; पन्नास दोर तिनेही कापले होते. जोर दिला, अंगाचं वजन टाकलं. ती वाकली आणि सरळ झाली. तिच्या जोडीच्या सुरीलाही मी तेच केलं. मग एक त्यांच्या कमरेला बांधायला दिली, एक माझ्या.

तीन दिवसांनी निघालो. लाटा लहान होत्या, पण पाण्यावर पातळ बर्फाचे तुकडे होते. मी बोट हळूहळू पुढे नेत होते, मागे बाबा एकेक पिंजरा ढकलत होते. विसावा-बाविसावा पिंजरा असेल. "ए!" एवढाच आवाज आला.

मी इंजिन गिअरमधून काढलं आणि मागे धावले. दोराचा वेढा त्यांच्या बुटावर आवळला होता. एक पाय बोटीच्या कडेबाहेर, दोन्ही हातांनी लोखंडी खांबाला मिठी. खाली वीस पिंजऱ्यांचं वजन, आणि बोट अजून पुढे सरकत होती. त्यांची सुरी कमरेलाच होती, पण हात सोडला असता तर संपलं असतं.

"सुरी! नामिए, सुरी!"

सुरी माझ्या हातात होती. आणि मी उभी राहिले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला त्यांचा पाय दिसत होता, ताणलेला दोर दिसत होता, आणि ते पत्ते खेळताहेत असं दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओरडणं थांबवलं. त्यांना कळलं. मग त्यांच्या डाव्या हाताची बोटं खांबावरून सुटायला लागली. निसटत नव्हती, ते सोडत होते.

"सोडाल तर बघा!" मी किंचाळले आणि त्यांच्या पायावर पडले.

पहिल्या ओढीत अर्धे धागे तुटले. दुसरीत पातं बुटाच्या रबरात घुसलं. तिसऱ्या ओढीला दोर बंदुकीसारखा वाजला आणि पाण्यात गेला. बाबा माझ्या अंगावर कोसळले. त्यांचा घोटा उलट्या बाजूला वळला होता. मी बोट वळवली आणि बंदरात शिरेपर्यंत सुकाणू सोडलं नाही.

हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हा माणूस पुन्हा बोटीवर उभा राहणार नाही. मोसम गेला. हक्काचं काय होणार ते अजून ठरायचं आहे. मच्छीमारांच्या सहकारी संस्थेतले लोक येतात, चहा पितात, हळहळतात आणि उठतात.

आम्ही दोघं त्याच घरात आहोत. जायला दुसरीकडे जागा नाही, त्यांना नाही आणि मलाही नाही. परवा मी त्यांच्या वाडग्यात भात वाढत होते, तेव्हा त्यांनी खाली बघतच विचारलं, "तेव्हा तू किती वेळ थांबलीस?"

"एक श्वास."

"मला जास्त वाटला."

"मलाही," मी म्हणाले.

त्यांनी वाडगा घेतला. जेवले नाहीत, पण हातात धरून बसून राहिले. भात गार झाला तेव्हा मी तो परत घेतला आणि पुन्हा गरम करायला ठेवला.