मागच्या रांगांच्या अक्षता

मंजूनं कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवली आणि फोन कानाशी धरून थांबली.

"टाळी फोनात कवाचीच आयकू आली," पलीकडून केशोराव म्हणाले. "टॅबवर आत्ता दिसून राहिली."

सौंदडच्या मंडपात त्यांच्या लेकीचं, उर्वशीचं लग्न तासाभरावर आलं होतं, आणि ते स्वतः खुब्याचं हाड मोडून नागपुरात दवाखान्याच्या खाटेवर. त्यांना लग्न दाखवायचं काम मंजूकडे होतं. हे काम तिला कोणी शिकवलं नव्हतं. चार मांडवांत बोलणी खात ती शिकली होती.

"काका, याले लेटन्सी म्हणतात. इथून निघालेलं चित्र तुमच्यापाशी पोचेपर्यंत अर्धा मिनिट जाते."

"काऊन? रस्त्यात चहा पिते का ते?"

"मधात साठा करावा लागते. बफर. आपल्या बोडीतल्या पाण्यासारखा. पाऊस थांबला तरी धानाले पाणी मिळत राहावं म्हणून."

"मंग फोड ना बोडी."

"फोडली तर चित्र अडकन. ऐन सावधानच्या वेळेस."

हळदीचे तांदूळ केशोरावांच्या बायकोनं, शामकलाबाईंनी, रुमालात बांधून दवाखान्यात पाठवले होते.

"सारा गाव मुहूर्तावर तांदूळ टाकन," केशोराव म्हणाले. "बापाचे तांदूळ लगन लागून गेल्यावर पडतीन. फोनात आयकून टाकाव त टॅबवर पोरगी अजून अंतरपाटाआडच. मंग ते कायले टाकाचे?"

मंजूनं बिटरेट, म्हणजे चित्राचा बारकावा, उतरवून पाहिला. बोहल्याजवळ उभ्या शामकलाबाईंच्या चेहऱ्याचे चौकोनी ठोकळे झाले. दुसरं सिम घातलं. व्हिडिओ कॉल लावला, तर केशोराव तोंड उघडं ठेवून गोठले. तिनं तो कापला आणि साधाच फोन पुन्हा लावला. मग कमरेवर हात ठेवून ती मंडपाकडे पाहत राहिली.

मंडप लांबलचक होता. मागच्या रांगांतल्या बायकांना बोहलं दिसतच नव्हतं. त्या मोठ्या पडद्याकडे तोंड करून बसल्या होत्या. शेजारी जनरेटर धडधडत होता, म्हणून पडद्यालाच दोन भोंगे जोडले होते. कॅमेऱ्याची वायर थेट पडद्यात गेली होती.

मंजूनं ती वायर उपसली. पडद्याला लॅपटॉप जोडला, आणि लॅपटॉपवर केशोराव पाहत होते तेच प्रक्षेपण लावलं.

"काका, आता काय दिसते?"

"भटजी कलश मांडून राहिले."

पडद्यावरही भटजी कलश मांडत होते. बोहल्यावरचे भटजी मात्र केव्हाच चहाला उठले होते.

नवरीचे मामा, कन्हैयालाल, धोतर सावरत आले. "मंजूबाई, परदा मांग पडून राहिला तुमचा."

"माहीत आहे, मामाजी."

"वरातवाले हासतीन. मंग तुमाले कोन बोलावन दुसऱ्या मांडवात?"

"नाही बोलावलं तर नाही."

मामा आचाऱ्यावर ओरडायला निघून गेले.

अंतरपाट दूर झाला. पुढच्यांनी अक्षता उधळल्या, हार पडले, बँड दणाणला. मागच्या रांगांसमोर पडद्यावरचे भटजी अजून शेवटचं मंगलाष्टक म्हणत होते. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बँडवाले घाईचेच असतात, बाई." आणि मूठ तशीच धरून बसली.

मंजूनं कॅमेरा उर्वशीच्या चेहऱ्यावर आणला. फोन कानाशीच होता.

मग भोंग्यातून सावधान आलं. शंभरेक हात एकदम उठले. पिवळे तांदूळ पुढच्यांच्या मानांवर, बँडवाल्यांच्या टोप्यांवर पडले. काही पंख्याच्या झोतानं उडून उर्वशीच्या हारात अडकले. तिनं दचकून मागं पाहिलं.

"टाकले मी," केशोराव म्हणाले. "गेली असन ना ते वेळ?"

"नाही काका. आत्ताच पडले."

"माहं मन राखू नको, बेटा."

"अर्धा मिनिट टॅबकडे पाहत राहा," मंजू म्हणाली. तिनं कॅमेरा उर्वशीवरून हलवला नाही, फोनही ठेवला नाही.