उन्हात घालवलेला रंग

दिवस कलला की तिझा अडखळू लागायची. सकाळी हीच सात वर्षांची पोर बकऱ्यांमागे वाऱ्यासारखी धावे. पण सूर्य टेकडीआड गेला की तिला अंगणातलं उखळसुद्धा दिसत नसे. अशा वेळी घरोघरी जे होतं तेच इथेही झालं. आई म्हणाली, वेंधळी आहे. शेजारीण जेलेसी म्हणाली, कामचुकार आहे.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी मात्र दुखणं ओळखलं. त्यांनी पोरीच्या तोंडात औषध पिळलं आणि तिच्या आईला, मालिताला बजावलं, "औषधाने आज भागेल. पण डोळ्यांचा खुराक रोजच्या ताटातून जायला हवा. पांढऱ्या मक्याने पोट भरतं, डोळ्यांना लागतं ते त्यात नाही. ते या केशरी मक्याच्या रंगात आहे. हे बी पेर."

मालिताने पेरलं. कणसं भरली, दाणे पिकल्या आंब्यासारखे निघाले. ते बघून जेलेसी कुंपणावरून हसली.

"अगं, एवढं कोंबड्यांचं खाणं कशाला पिकवलंस? उद्या पाहुण्याच्या ताटात पिवळा नशिमा वाढशील, मग सगळं गाव म्हणेल, मालिताकडे दुष्काळ पडला!"

ते मालिताच्या मनाला फार लागलं. आमच्याकडे बाईची अब्रू तिच्या नशिम्याच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीच्या, पांढरेपणावरून जोखतात. ती हट्टालाच पेटली. दाणे कांडून कोंडा आणि कोंब काढला, तो कोंबड्यांपुढे टाकला. उरलेले दाणे पाण्यात चांगले फुगेपर्यंत भिजवले, पुन्हा कांडले, आणि पीठ चटईवर कडक उन्हात पसरलं. एक ऊन, दोन ऊन, आणखी एक ऊन. पीठ जवळजवळ पांढरं झालं तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

नशिमा लुसलुशीत होई. पण पेरणीचे दिवस जवळ आले तशी औषधाने सावरलेली तिझा पुन्हा अडखळू लागली.

"औषधाचा मका म्हणे!" मालिता चिडून म्हणाली. "यंदा पांढराच पेरणार."

त्याच आठवड्यात तिचा थोरला भाऊ झाकेयो आला. तिझाचा मामा, म्हणजे आमच्या रीतीत घरातला शेवटचा शब्द. मालिताने कोंबडी कापली. तिन्हीसांजेला ताटं मांडली आणि रीतीप्रमाणे तिझाने पाहुण्याच्या हातावर पाणी घालायला भांडं उचललं.

पाणी मामाच्या हातांवर पडलंच नाही. सगळं त्याच्या गुडघ्यावर सांडलं.

"आंधळी आहेस का गं!" मालिता ओरडली.

शब्द तोंडातून गेला आणि तिचा तिलाच ऐकू आला. तिझा भांडं छातीशी धरून उभी राहिली.

"असू दे गं बाळ," मामा म्हणाला, "गुडघेही धुवायचेच होते." त्याने तिला जवळ बसवलं, मग बहिणीला विचारलं, "केशरी मका पिकवला होतास ना? मग हा नशिमा पांढरा कसा?"

मालिताने थोरल्यांपुढे बसतात तसं गुडघ्यावर बसून अभिमानाने सगळं सांगितलं. मामाने ऐकून घेतलं. मग रश्शातलं कोंबडीच्या पोटातलं न घातलेलं अंडं उचलून बोटांनी फोडलं. बलक गर्द केशरी होता!

"हा रंग कुठून आला, मालिता?"

"कांडताना सांडलेले दाणे खातात दादा त्या. कोंडाही त्यांनाच."

"म्हणजे कोंबडीच्या पोटात रंग, आणि पोरीच्या पोटात नुसतं धुवण!" मामाचा आवाज चढला नाही. "कोंड्याकोंबात रक्ताची ताकद, ती तू कोंबड्यांना दिलीस. रंगात डोळ्यांची ताकद, ती उन्हाला दिलीस. मग म्हणतेस, मका खोटा!"

"पण दादा, लोक काय म्हणतील? पिवळा मका दुष्काळातला."

"दुष्काळात मदत म्हणून आलेला पिवळा मका गोदामात सडलेला होता, म्हणून घाण यायची. वास पोत्याचा होता बाई, बदनाम झाला रंग. लोक आपल्या घरी जेवून झोपतात. अंधारात चाचपडते ती तुझी पोर."

मालिताने तिझाचा ओला हात आपल्या हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्या अब्रूसाठी हिचे डोळे पणाला लावले रे मी!"

दुसऱ्या दिवशी ती तिझाला घेऊन पुन्हा आरोग्य केंद्रात गेली. घरात शिल्लक कणसं होती, ती तिने सावलीत टांगली. लागेल तेवढाच मका कोंड्यासकट गिरणीतून आणायचा, भिजवायचा नाही, उन्हात घालायचा नाही. सोबत भोपळ्याचा पाला, शेंगदाण्याचं कूट. आणि पेरणीला केशरी बीच काढलं. जेलेसीने नाक मुरडलं. मालिता म्हणाली, "माझ्या घरी यंदा कोंबड्यांचं खाणं माणसं खाणार आहेत!"

नवं पीक आल्यावर मामा पुन्हा आला. मुद्दाम तिन्हीसांजेलाच आला. ताटात कोवळ्या उन्हाच्या रंगाचा नशिमा होता. तिझाने भांडं उचललं, अंगण ओलांडलं, उखळाला वळसा घातला, आणि मामाच्या ओंजळीत पाण्याची सरळ धार धरली.

"गुडघे राहिले की गं धुवायचे!" मामा म्हणाला.

"ते तुमचे तुम्ही धुवा!" तिझा खुदकन हसली. कुंपणापलीकडे जेलेसी उभी होती. तिने हळूच विचारलं, "मालिता, थोडं बी आहे का गं?"

मायबाप हो, मका पांढरा की पिवळा हे पाहुण्याच्या नजरेने ठरवू नका. धान्याचा रंग हा डाग नव्हे. अब्रूपायी तो घालवाल, तर मोल लेकरांना मोजावं लागेल.