आधी पट्टा, मग बटण

मित्रांनो, मूर्ती लहान पण कीर्ती महान, असे म्हणतात. माझी मूर्ती सुपारीएवढी आहे. कीर्तीचे तुम्हीच ठरवा. मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. रस्त्याकडेला खांबावर गुरगुरत बसतो, तो माझा थोरला भाऊबंद. माझ्या पोटात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आहेत. त्यांच्यामध्ये पिवळ्या पट्टीची भिंत आहे. ती एकमेकांना कधी शिवत नाहीत, तरी एकातली शक्ती दुसऱ्यात पोचते.

जिन्याखालच्या एका खोलीत ताई आणि दादा ही भावंडे बिघडलेली यंत्रे दुरुस्त करीत. त्यांच्या धाकट्या बहिणीला दिवस भरण्याआधीच मुलगी झाली. ती इतकी इवलीशी, की सगळे तिला पिटुकली म्हणू लागले. झोपेत तिचा श्वास मध्येच थांबे. पाठ चोळली की पुन्हा सुरू होई. धाकटी डोळ्यांत तेल घालून बसायची. तिचे हाल बघवेनात, म्हणून भावंडांनी एक पेटी बनवायला घेतली. बाळाच्या पोटावर मऊ पट्टा, आणि श्वास थांबला की पेटी ओरडणार. भिंतीतली वीज बाळापर्यंत पोचू द्यायची नाही, हे काम माझे.

दादाने सोपी मांडणी निवडली. माझी वेटोळी ज्यावर गुंडाळली आहेत, त्या गाभ्याच्या दोन अर्ध्यांमध्ये त्याने कागदाचा तुकडा ठेवला आणि आपोआप चालू-बंद होणारा एकच स्विच लावला. त्याच्या प्रत्येक ठोक्याला मी शक्ती साठवायची आणि पलीकडे ओतायची. टेबलावर मी झकास चाललो. दादा शिस्तीचा. आधी पट्टा जोडायचा, मग बटण. बंद करताना आधी बटण, मग पट्टा. मला शाबासकी मिळाली आणि मी फुगलो.

काही दिवसांतच पेटी मुकी झाली. धाकटी ती घेऊन आली, तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

"दादा, माझ्याच हातून मोडली वाटतं."

"तू बंद कशी करतेस, ते दाखव बघू," ताई म्हणाली.

धाकटीने आधी पट्ट्याची पिन पेटीतून उपटली, मग बटण दाबले.

"अगं, आधी बटण!" दादा म्हणाला.

"ते खट् वाजतं रे. ती दचकून उठते. म्हणून आधी पट्टा सोडवते, तिला आत कुणाच्या तरी मांडीवर देते, मग येऊन बटण."

इथेच घोडे पेंड खात होते. पट्टा निघाल्यावर पलीकडे शक्ती घेणारे कोणी उरत नसे, आणि मी मात्र वेड्यासारखा ओततच राही. विजेचा दाब चढत गेला आणि पेटीतला श्वास ऐकणारा भाग जळला. पिवळी भिंत शाबूत होती, म्हणून बाळाला काही झाले नाही. पण मला फार वाईट वाटले.

"पेटीवर चिठ्ठी लावू," दादा म्हणाला. "आधी बटण बंद करा."

"कडेवर मूल घेऊन ती चिठ्ठ्या वाचत बसणार? मांडणीच बदलू. दोन स्विच लावू, आळीपाळीने चालणारे. मग तारेचे वेढे ठरवतील तेवढाच दाब. पट्टा असो वा नसो."

"पण दाब थोडा कमीजास्त होईल, ताई. त्याला धरून ठेवणारं त्यात काही नाही."

"थोडा चालेल रे. उडी नको."

दादाने माझी तार उलगडली, कागद काढून टाकला, दोन्ही अर्धे घट्ट मिटवले आणि नवे वेढे घातले. तोवर घरची माणसे पाळीपाळीने पिटुकलीच्या पोटावर हात ठेवून बसत होती. या वेळी ताईने चालू पेटीचा पट्टा मुद्दाम उपटून पाहिला, पुन्हा पुन्हा. मीटरचा काटा जरासा हलला आणि तिथेच थांबला. दादाचा जीव भांड्यात पडला.

एका दुपारी पिटुकलीचा श्वास थांबला. पेटी ओरडली. धाकटी ओल्या हातांनीच मोरीतून धावत आली आणि तिने पाठ चोळली. पिटुकली भोकाड पसरून रडली. इतके गोड रडणे मी पुन्हा ऐकले नाही.

मग ती मोठी झाली आणि मी कपाटावर गेलो. धूळ बसली. कोणी विचारेना, तेव्हा मी रुसलोही.

परवा पिटुकलीने पेटी खाली काढली. ती आता आईपेक्षा उंच आहे. तिने धूळ पुसली आणि सहज बटण दाबले. खट्. पलीकडच्या खोलीत धाकटीचा डोळा लागला होता. झोपेतच ती पुटपुटली, "हळू गं, बाळ उठेल."

पिटुकली पेटी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसत जा. आणि उद्या तुम्ही काही बनवाल, तेव्हा ते ज्याच्या घरी जाणार आहे त्याला आधी एवढे विचारा, की तुमच्याकडे कोण झोपले आहे?