कढईवरचा आळ

मी एक जुनी पितळी कढई आहे. मित्रांनो, माझ्यात कधी भाजी शिजली नाही की काही तळले गेले नाही. मी पुस्तके बांधणाऱ्याच्या घरची. पुस्तके चिकटवायची मैद्याची खळ माझ्यात आयुष्यभर शिजली. घडवणाऱ्याने मला दोन कान दिले, नाक मात्र दिले नाही. म्हणून वासाविषयी मी सांगेन ते सारे ऐकीव. चूकभूल सांभाळून घ्या.

माझे मालक बाइंडरकाका. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. तिथे पुस्तके दाबायचे यंत्र, दोऱ्याची रिळे आणि फाटक्या पुस्तकांचे ढीग. रोज सकाळी काका मला कानांनी उचलून नाकाशी धरत. कालची खळ जराशी आंबली असली तरी ओतून देत. "खळ हाताने ढवळायची, पण शिजते ती नाकाने," असे ते म्हणत. त्यांची लहानगी लेक माझ्याशेजारी अभ्यासाला बसे. नवे बांधलेले पुस्तक ती आधी हुंगायची आणि मग ओरडायची, "पास!" काय दिवस होते ते!

लेक मोठी झाली, नोकरीसाठी दूर गेली. पुढे एका वर्षी काकांनी बांधलेली पुस्तके परत येऊ लागली. वाचनालयाच्या बाईंनी पाच पुस्तके टेबलावर ठेवली. पुठ्ठ्यांच्या आत बुरशी होती.

"काका, हे तुमचं काम वाटत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. बाई गेल्यावर काकू आतून आल्या. "कधीची सांगतेय, खळ आंबलीय. घरात उभं राहवत नाही!"

"कसला वास? तुझं नाकच मेलं तिखट."

"आणि तुमचं? माळ्यावर ठेवलंय का?"

शेवटी आळ माझ्यावर आला. कढईच खराब झाली, असे ठरवून काकांनी मला रद्दीमागे टाकले आणि नवे स्टीलचे पातेले आणले. नाचता येईना, अंगण वाकडे!

रद्दीमागून मला सारे ऐकू येई. काका कित्येक वर्षे झोपेत ओरडत, लाथा झाडत. आता काकूंनी आपले अंथरूण पुढच्या खोलीत आणले होते. एका रात्री स्वप्नात काकांच्या मागे कुत्रा लागला होता आणि त्याला मारलेला ठोसा काकूंच्या गालावर बसला होता. शेजारी कुजबुजले, म्हातारपणी बिनसले वाटते.

"मी मुद्दाम मारीन का गं तुला?" काका विचारत.

"मला माहीत आहे हो. पण गालाला कुठे माहीत आहे?"

नव्या पातेल्यातली खळही आंबलीच. तेव्हा एका दुपारी काकूंनी मला बाहेर काढले, यंत्र पुसायचे थोडे रॉकेल माझ्यात ओतले आणि मला काकांच्या हाती दिले.

"डोळे मिटा. सांगा, काय आहे?"

काकांनी खोल श्वास घेतला. त्यांच्या उजव्या हाताला बारीक कंप होता. "ताजी खळ!" ते आनंदाने म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. काकांनी डोळे उघडले आणि माझ्यातले रॉकेल पाहिले. "हिला उगाच टाकली मी," ते म्हणाले.

काकूंनी कळवताच लेक धावत आली आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. आजाराचे नाव पार्किन्सन. "वास गेला म्हणजे हाच आजार, असं नसतं," लेक परतल्यावर सांगत होती. "पण झोपेतलं ओरडणं आणि वास जाणं, दोन्ही गोष्टी हात थरथरायच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकतं. बाबा, बोलला का नाहीत?"

"वासाचा दोष कढईला दिला, झोपेचा स्वप्नांना," काका खाली मान घालून म्हणाले. "माझ्या वाट्याला काही उरलंच नाही."

आजार मुळासकट जाणार नाही, पण औषधाने रात्री बऱ्याच शांत झाल्या. काकूंचे अंथरूण आतल्या खोलीत परत गेले, हातभर अंतरावर, मध्ये दोन लोड ठेवून.

मित्रांनो, घरातल्या कुणाला वास येईनासा झाला किंवा कुणी झोपेत हातपाय झाडू लागले, तर हसू नका, रुसू नका. जवळ बसून विचारा आणि डॉक्टरांना दाखवा. कढईवर आळ घ्यायची घाई करू नका.

आता रोज सकाळी काका मला उचलून काकूंच्या नाकाशी धरतात.

"पास?"

"नापास. ओता."

ओतण्याआधी ते मला क्षणभर स्वतःच्या नाकाशीही नेतात. जुनी सवय. त्यांचे हात थरथरतात, आणि मी सांडू नये म्हणून काकू खालून हात लावतात.